देवडीतला मुक्काम

"माचिस अंदर नक्को, अम्मा," गेटवरचा दरबान म्हणाला आणि त्यानं औक्षणाच्या ताटातली काडेपेटी उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवली.

"हमारी सास की सालगिरह है, भाई. चिराग जलाना है," सुलभा म्हणाली.

"हौ अम्मा, लेकिन कमरे में धुआँ हुआ तो घंटी बजती."

सुलभानं ताटावर पदर ओढला आणि ती तरातरा आत निघाली. हिमायतनगरला घरून ऑटोत बसल्यापासून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता, त्यात ही भर.

सासूबाईंना, म्हणजे सावित्रीबाईंना, आज ऐंशी पूर्ण झाली होती. घरी पूजा, पुरणपोळी, चार पाहुणे असा सगळा बेत सुलभानं कधीचा आखला होता. तेवढ्यात पुण्याहून धाकटा दीर मंदार आणि त्याची बायको नीलिमा येऊन थडकले आणि सासूबाईंना काल थेट या हॉटेलात घेऊन गेले. पूर्वी ही एका नवाबाची देवडी, म्हणजे मोठा वाडा होता, ऐन शहरात, उंच भिंतीआड. शाळेत जाताना सावित्रीबाई त्या भिंतीकडेनं जायच्या. 'आत काय असंल गं?' हे त्यांनी भाजी निवडताना, पापड वाळवताना सुनेला इतक्यांदा ऐकवलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. ऐकलं सुलभानं आणि आत नेलं नीलिमानं! बरं, नीलिमाला हे सांगितलं कोणी? सुलभानंच, मागच्या दिवाळीत, हसत हसत. तेच तिच्या जास्त जिव्हारी लागलं होतं.

वाढदिवसाचं पहिलं औक्षण मात्र या घरात थोरल्या सुनेचं. ते काही नीलिमाला पळवता येणार नव्हतं. पण खरं सांगायचं तर सुलभा नुसत्या औक्षणासाठी आली नव्हती. परक्या जागी आईंना झोप लागली नसेल, मऊ गादीवर कंबर धरली असेल, 'सुलभा, मला घरी ने' म्हणतील आणि आपण त्यांना नीलिमाच्या नाकावर टिच्चून घेऊन जाऊ, या आशेनं ती आली होती.

खोलीत सावित्रीबाई खिडकीशी एका खोल, गुबगुबीत खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर शाल, समोर बागेतलं कारंजं. मंदार पलंगावर पेपर वाचत होता आणि नीलिमा सासूबाईंच्या हातात मोसंबीच्या रसाचा ग्लास देत होती.

"थँक्यू, बाळा. किती करशील गं माझं!" सावित्रीबाई म्हणाल्या.

सुलभानं ते दारातूनच ऐकलं. थँक्यू! लग्न होऊन आल्यापासून तिनं या बाईच्या तोंडून 'चहा फिका झालाय' आणि 'कुठं मेली होतीस?' एवढंच ऐकलं होतं.

"बघा ना ताई," नीलिमा कौतुकानं म्हणाली, "आईंना ही खिडकी इतकी आवडलीय, सकाळपासून उठल्याच नाहीत. नाश्ताही इथंच मागवला."

"वा, छान," सुलभा म्हणाली आणि ताट टेबलावर जरा आपटूनच ठेवलं.

"नीलिमा, तू अन् मंदार खाली फिरून या, बाळा," सावित्रीबाई म्हणाल्या. "तवर ही बसंल माझ्यापाशी."

दोघं गेली. दार लागलं आणि सासूबाईंचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला.

"काय बघायलीस? उठव मला. लुगडं भिजलंय."

सुलभानं लुगड्याला हात लावून पाहिला. "कधीपासून?"

"नाश्त्याच्या आधीपासून. या खड्ड्यातून उठताच येईना."

"अहो, मग नीलिमाला सांगायचं ना!"

"तिला कसं सांगू? काय म्हणंल ती?"

"आणि मला सांगितलंत ते?"

"तुला काय सांगायचं? तू हैसच की."

सुलभानं त्यांना काखेत हात घालून उठवलं, न्हाणीत नेलं, कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं. खुर्चीची गादी घासून उलटी केली. हे करताना तिला आतून गुदगुल्या होत होत्या, आणि त्याची लाजही वाटत होती. जिंकलो आपण, तिला वाटलं. मग तिनं न पेटवलेल्या निरांजनानंच त्यांना ओवाळलं.

"चला आई, आता घरी जाऊ."

"कशाला?" सावित्रीबाई दचकल्या. "आजची रात हाय की अजून! संध्याकाळी वर गच्चीत शहनाई असती म्हणं. ऱ्हाऊ दे मला हितं. अन् तिला काही बोलू नकोस."

सुलभाला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. धुवायला ती, आणि शहनाई नीलिमाबरोबर.

तेवढ्यात दार वाजलं. नीलिमा हसत आत आली. "काय म्हणतायत आई? कंटाळल्या नाहीत ना?"

एक वाक्य पुरे होतं. नीलिमाचा चेहरा पडला असता, सासूबाई तासाभरात हिमायतनगरला असत्या. वाक्य सुलभाच्या जिभेवर आलंही होतं. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सावित्रीबाई तिच्याकडे असं बघत होत्या, जसं त्यांनी आजवर कधीच कोणाकडे बघितलं नव्हतं. विनवणी करत होत्या.

"छे गं, खूश आहेत," सुलभा म्हणाली. "फक्त त्यांना ती उंच खुर्ची दे, यात गुडघे आखडतात. आणि थोड्या थोड्या वेळानं उठवून बाथरूमला ने. त्या आपणहून म्हणायच्या नाहीत."

"हो ताई. बरं झालं सांगितलंत. जेवूनच जा ना."

"नको. घरी कामं पडलीत."

सासूबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं.

ओलं लुगडं हॉटेलच्या पांढऱ्या पिशवीत कोंबून सुलभा खाली आली. व्हरांड्यातला फेटेवाला नोकर लगबगीनं पुढं झाला. "मेरे कू देव मॅडम, धुलाई में डालतूं."

"नक्को," म्हणत सुलभानं पिशवी छातीशी धरली. "ये हमारे घर का है."

ऑटोत पिशवीचा ओलावा तिच्या साडीला लागला, तरी तिनं ती मांडीवरून खाली ठेवली नाही.