गुरुवारचं जंगल

१९८४ साली फिनलंडच्या शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, की उत्तरेकडची पाइनची जंगलं हवेत सोडतात तरी काय? पडताळून बघायला त्यांना बिनझाडांची हवा हवी होती, आणि ती बहारीनमध्ये अस्कर गावाच्या पलीकडे हवी तेवढी होती. तिथे झाड औषधालाही नव्हतं. माळावर यंत्राचा खांब उभा राहिला आणि त्याच्या राखणीला कुडाळचा गुंडू परब.

रोज सकाळी सातला नवी काचेची नळी लावायची, तासभर हवा भरू द्यायची, बूच मारून फिनलंडला धाडायची. एवढ्यावर गुंडूचा व्हिसा होता, आणि व्हिशावर लेकीचं, मथुरेचं, लग्न.

गुंडू कामाला देव मानणारा. गुरुवार दत्ताचा, म्हणून दर गुरुवारी तो खांबाला हळदकुंकू वाही आणि खाली राळेचा धूप घाली. आता राळ म्हणजे पाइनच्या जातीच्या झाडांचाच चीक, हे त्या बापड्याला कुठून ठाऊक असणार?

सहा महिन्यांनी पत्र आलं: तुमच्या वाळवंटात दर गुरुवारी जंगल उगवतं! इथले प्रमुख, पुण्याचे इंजिनिअर शैलेंद्र परांजपे हरखून गेले. उत्तरेचा वारा आठवड्याला एक फेरी मारतो, असा चाळीस पानी सिद्धांत त्यांनी ठोकून दिला. वाऱ्याला गुरुवारच का सोयीचा, यावर नऊ आलेख होते. माळावर येऊन बघायला मात्र साहेबांना सवड झाली नाही.

शेवटी फिनलंडचे म्हातारे प्रोफेसरच आले, नेमके गुरुवारी. खांबाशी उभं राहून त्यांनी वास घेतला आणि पोट धरून हसत सुटले.

परांजप्यांचा चेहरा पडला. "गुंडू, हे काय?"

देवाच्या धुपासमोर गुंडूला खोटं बोलवेना. "धूप, सायबानू. दर गुरवारी घालतंय. मशिनीचा बरा होवंदे म्हणान."

परांजपे आठवडाभरात सावरले. त्यांनी नवा अहवाल लिहिला, 'मानवी अडथळ्याचा शोध'. शोध त्यांचा, म्हणून फिनलंडचं आमंत्रणही त्यांनाच. इतका बारीक धूर पकडला म्हणून यंत्राचीही वाहवा झाली. राहिला अडथळा. तो हटवण्याची शिफारस शेवटच्या पानावर होती.

व्हिसा रद्द झाल्याचा कागद देताना परांजप्यांनी मान वर केली नाही. गुंडूला रडूच फुटलं. लग्नाची तारीख ठरून बसली होती. बाहीने डोळे पुसत तो म्हणाला,

"सायबानू, माका पण फिनलंडाक घेवन चला. थंय सगळा जंगलच आसा मां? माझो धूप कोणाक कळाचो नाय."