बिनचित्राचं लग्न

खंडेनवमीला यंत्रांना सुट्टी असते, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. नांगर, तिफण, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सगळ्यांना त्या दिवशी हळदकुंकू लावून बसवून ठेवतात. पण नांगराला गिऱ्हाइकाचे फोन येत नाहीत. मला येतात. तीर्थपुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि लग्नाचा व्हिडिओ वेळेवर मिळाला म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचाय. म्हणून त्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद केला नाही, काम करत बसलो.

माझे वडील साहेबराव पूजेचं ताट घेऊन आले. आम्ही त्यांना बापू म्हणतो.

"बंद कर ते," बापू म्हणाले. "आज त्याला आराम ऱ्हातो."

"अर्धं काम झालंय, बापू. चालू मशीनची पूजा देवाला चालत न्हाई का?"

बापूंनी कॅमेऱ्याला कुंकू लावलं, स्टँडला झेंडूचं फूल बांधलं, कॉम्प्युटरच्या डब्यावर स्वस्तिक काढलं. कीबोर्डवर अक्षता टाकल्या, त्या अजून निघाल्या नाहीत. मग नारळ. नारळ फोडायला बाहेर पायरी होती, दगड होता, सगळा रस्ता मोकळा होता. बापूंनी तो कॉम्प्युटरच्या टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर हाणला. फुटला नाही. परत हाणला. आमच्या घरात कुणीच एका प्रयत्नात हार मानत नाही.

शेवटी नारळ फुटला, आणि डब्यातून 'टक्' असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा टक्. खरं बोललं की भिंतीवरची पाल चुकचुकते ना, तसा. पडदा निळा पडला.

"म्हणलो व्हतो बंद कर," बापू म्हणाले आणि माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

आता यात चूक कुणाची, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. हार्ड डिस्कच्या पोटात एक चकती गरगर फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक सुई, न टेकता, फिरत असते. बंद असती तर सुई बाजूला जाऊन बसली असती, नारळाने तिचं काही बिघडलं नसतं, हे बापूंचं म्हणणं. खरं तर हे मीच त्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते माझ्यावरच उलटवलं. माझं म्हणणं एवढंच की नारळ टेबलावर फोडत नसतात.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. त्या डिस्कमध्ये आमच्या गावच्या काकासाहेबांच्या मुलीच्या, वंदनाच्या लग्नाचं शूटिंग होतं, आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. उशीर का झाला ते विचारू नका. मुलीच्या सासरचे लोक गाणी निवडत होते. बाकी कुणाला घाई नव्हती. घाई होती ती वंदनाच्या आईला, द्वारकाबाईंना.

त्याचं कारण फेटा. लग्नात मुहूर्ताआधी वधूच्या मामाला स्टेजवर बोलावून मानाचा फेटा बांधतात. वंदनाचे मामा म्हणजे द्वारकाबाईंचे धाकटे भाऊ, मंठ्याचे रामराव. त्यांना फेटा बांधला गेला नाही, एवढं नक्की. पुढे दोन कथा होत्या. काकासाहेब म्हणत, बोलावलं होतं, तोच आला नाही. रामराव म्हणत, बोलावलंच नाही. मंगलाष्टकांना ते भाचीच्या पाठीमागे उभे राहिले, अक्षता पडल्या आणि न जेवता मंठ्याला निघून गेले. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. द्वारकाबाई त्या वेळी आत मुलीला शालू नेसवत होत्या, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. मीही कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून नवरदेवाचे फोटो काढायला गेलो होतो. खरं काय ते फक्त माझ्या डिस्कला माहीत होतं.

दसऱ्याला सोनं द्यायला द्वारकाबाई स्टुडिओत आल्या. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"भागवत, दिवाळीच्या आत तेवढं फेट्याचं काढून दे रे. बाकी लग्न ऱ्हाऊ दे. बोलावलं हे दिसलं तर रामाला ऐकावं लागन. न्हाई दिसलं, तर ह्यांना घेऊन जाते माफी मागायला."

"एडिटिंग चालू आहे, काकू," मी म्हणालो. ही सवय आहे, तोंडातून आपोआप येतं.

"मागच्या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं," त्या म्हणाल्या. "भाऊ जित्ता असताना. मंठा काय लांब हाय का रे?"

मला मान वर करवेना. जिला भाऊ नाही ती बहीण चंद्राला ओवाळते, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मनातल्या मनात बापूंच्या नारळाला शिव्या घातल्या.

मग उपचार सुरू झाले. सकाळी उठून डिस्क चालू करायची, टक्टक् ऐकायची, बंद करायची. शेजारच्या मेडिकलवाल्याने सांगितलं, गार केली की चालते. म्हणून ती कॅरीबॅगमध्ये गुंडाळून डेअरीच्या फ्रीजमध्ये ठेवली. डेअरीवाल्याने ती कुल्फीचा नवा साचा समजून गिऱ्हाइकांना दाखवली. बापूंनी तिची मीठ-मोहरीने दृष्ट काढली. बाहेर काढल्यावर डिस्कला घाम आला आणि आवाज टक्टक्चा खर्रखर्र झाला. तेव्हा मी घाबरलो आणि मोटारसायकल काढून जालन्याला गेलो.

जालन्यात शिवशंकरचं दुकान आहे. माणूस बडबड्या, डिस्क बघायच्या आधी त्याने माझं गाव, पाहुणे, कापसाचा भाव, सगळं विचारून घेतलं. मग डिस्क कानाला लावली.

"कितीदा चालू केली?"

"रोज."

"अरे बाबा, पाय मोडलेल्या माणसाला रोज पळवून पाहून राह्यला तू!" तो ओरडला. "सुई वाकली. वाकलेल्या सुईनं चकती खरवडली. आता हात लावू नको, जा घरी."

त्याने याच कंपनीची, याच मॉडेलची एक मेलेली डिस्क शोधली, तिच्या चांगल्या सुया काढून आमच्या डिस्कला बसवल्या आणि जेवढं वाचता येईल तेवढं दुसरीकडे उतरवून घेतलं. दिवाळीच्या तोंडावर फोन आला.

"खुशखबर हाय. पुढाऱ्यांचे आशीर्वादाचे भाषणं सगळे वाचले."

"आणि स्टेजवरचं? फेट्याचं?"

"त्याचा आवाज आलाय. चित्र न्हाई."

मी डोक्याला हात लावला. देव पण काय निवडून वाचवतो!

भाऊबीज दोन-तीन दिवसांवर आलेली. मी द्वारकाबाईंना नारळापासून सगळं खरं सांगून टाकलं. आवाज तर आवाज, म्हणून द्वारकाबाईंनी निरोप धाडले. काकासाहेब मंठ्याला जाणार नाहीत, रामराव काकासाहेबांच्या उंबऱ्यावर चढणार नाहीत, म्हणून माझा स्टुडिओ ठरला. काकासाहेब आले ते दाराजवळ बसले. रामराव आले ते भिंतीला खुर्ची लावून तोंड कॅलेंडरकडे करून बसले. मध्ये द्वारकाबाई. मी टीव्ही लावला. काळा पडदा.

"पाव्हण्याला म्हणा, हे काय लग्न हाय का लोडशेडिंग?" रामराव मला म्हणाले.

"आवाज ऐका, मामा."

काळ्या पडद्यातून सनई आली, कुणाचं तरी पोर रडलं, आणि मग माईकवाला: "वधूचे मामा श्री. रामराव यांना विनंती, त्यांनी स्टेजवर यावं." जरा वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा.

काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं? बोलावलं का न्हाई?"

रामराव हलले सुद्धा नाहीत. "हे मी तवाच ऐकलं व्हतं की. लिंबाखाली बसलो व्हतो."

द्वारकाबाई उभ्या राहिल्या. "रामा! ऐकलं व्हतं? अन् दीड वर्ष म्हणून राह्यला बोलावलं न्हाई?"

"अक्का, ह्याला बोलावणं म्हंतेत का? माईकवर तर रस्त्यात आडवा लावलेल्या ट्रॅक्टरचा नंबर बी सांगतेत. मामाला हाताला धरून न्यावं लागतं. एक माणूस आला न्हाई."

झालं. शिवशंकरची मेहनत, माझी धावपळ, डेअरीवाल्याची कुल्फी, सगळं पाण्यात. बोलावलं हे खरं आणि बोलावलं नाही हेही खरं. द्वारकाबाई मटकन खाली बसल्या. मी चिडून रिमोट उचलला.

"थांब," त्या म्हणाल्या.

पडद्यातून आता माईकचा नाही, कॅमेऱ्याजवळचाच आवाज येत होता. काकासाहेबांचा.

"ए, माझ्या डोक्याला हात लावू नको. पहिला फेटा रामरावचा."

"अहो काका, मुहूर्त जवळ आला. नवरीच्या बापाला फेटा नको का?" हा फेटेवाला.

"मला इथून हालता येईना, व्याही समोर उभे हायेत. रामराव आला तर दोघांना बांध. न्हाई आला, तर मी बी बोडकाच उभा राहीन. त्याच्याआधी मी बांधला तर माझी बायको काय म्हणन?"

मग बँड सुरू झाला आणि पुढे फक्त ढोल.

काकासाहेब चपलेचा अंगठा चाचपत बसले. रामरावांचं तोंड कॅलेंडरकडून हळूहळू इकडे वळलं.

"दाजी, मंगलाष्टकाला मी तुमचं डोकं पाहिलं व्हतं. मला वाटलं उकाड्यानं फेटा काढून ठेवला."

"उकाडा तर व्हताच."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलं का? तू म्हणला, बोलावलं का. मी म्हणलो, बोलावलं."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं, बहुतेक दोन्ही. दीड वर्ष आपला नवरा हे पोटात ठेवून शेजारी जेवत होता, याचा रागही त्यात असणार.

काकासाहेब उठले. स्टुडिओ केवढा, चार पावलांचा, पण ते भरल्या मांडवातून चालल्यासारखे चालत गेले. रामरावांचा हात मनगटाला धरला.

"चला, मामा."

रामराव लगेच उठले नाहीत. मामाच ते. "अजून एकदा म्हणा," म्हणाले.

"चला की वो, मामा!"

तेव्हा उठले. फोटोसाठी मी शिवलेले तयार फेटे ठेवतो. मोठ्यांचा एकच होता. तो काकासाहेबांनी रामरावांच्या डोक्यावर ठेवला. रामरावांनी काढून काकासाहेबांच्या डोक्यावर ठेवला. "आधी तुम्ही." "बिलकुल न्हाई, मान तुझा." आवाज चढायला लागले, पुन्हा भांडण पेटतंय असं दिसताच मी जावळाच्या फोटोंसाठीचा लहान पोराचा फेटा काढून काकासाहेबांच्या टाळूवर बसवला. तो कानांपर्यंतही पोचेना. मान हलवली की पडेल म्हणून ते ताठ उभे राहिले. मी दिवे लावले, कॅमेरा उचलला आणि फोटो काढला.

"हा मशीनमंदी ठेवू नको," रामराव मला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता कागदावर काढून दे."

द्वारकाबाईंनी डोळे पुसले.

"दोन काढ," त्या म्हणाल्या. "एक ह्या घरी, एक माझ्या माहेरी. मंठ्याचा मी माझ्या हातानं नेऊन लावते."