कान झाकणारं गिऱ्हाईक

मी सलूनातली खुर्ची बोलतेय. दचकू नका. तुमच्या टाळूवर उगवलेला चंद्र मी तुमच्या बायकोच्याही आधी पाहिलाय. कुणाला सांगितलं का? नाही ना? मग बसा निवांत.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी पाय, पोटात तेल, अंगावर लाल रेक्झिन. तरणी होते तेव्हा काय दिसायचे म्हणून सांगू! शिक्षण मात्र अर्धवट. गिऱ्हाईक पेपर उघडून बसतं, तो मला समोरच्या आरशात दिसतो, त्यामुळे अक्षरं मला उलटीच येतात. पण सरळ वाचणारे तरी काय मोठे शहाणे झालेत?

आधी मी म्हाताऱ्या न्हाव्याकडे होते, आता त्याच्या मुलाकडे आहे. मध्ये एक नवी गुबगुबीत खुर्ची आली आणि माझी रवानगी मागच्या खोलीत, बादल्यांच्या संगतीत झाली. वर्षाच्या आत नवीची मान मोडली आणि न्हावी मला पुसून पुढे घेऊन आला. मी काही बोलले नाही. फक्त पहिला बडबड्या बसला, तेव्हा पोटातलं तेल सोडलं आणि त्याला फुस्सकन खाली नेला. ती माझी जुनी खोड आहे. न्हावी म्हणतो, "म्हातारी झालीय, समजून घ्या." मी कसली म्हातारी, मी आगाऊ!

एक गोष्ट मात्र मला पक्की कळते. माणसाचं तोंड काहीही बोलो, बूड खरं बोलतं.

आमच्याकडे एक शिंपी येतो. पलीकडच्याच गल्लीत त्याचं दुकान. भला माणूस, वजनाला हलका, बोलायला त्याहून हळू. पण त्याचं एक विचित्र होतं. आत यायच्या आधी तो काचेतून डोकावून बघायचा, की बाकड्यावर त्याच्याच गल्लीतला बेकरीवाला तर नाही ना. असला, तर बेत रद्द. बसला, की ठरलेलं वाक्य : "कानावरचे राहू द्या." आणि न्हावी कात्री घेऊन पाठीमागे गेला, की ह्याचे खांदे वर. माझे हात असे गच्च धरायचा, की जणू दाढ काढायलाच आलाय. शेवटी न्हावी बिचारा बाजूनेच खेकड्यासारखा सरकत त्याचे केस कापायला शिकला. दुकानातसुद्धा शिंपी भिंतीला पाठ लावूनच मशीनवर बसतो म्हणे.

मला वाटायचं, नखरे. आपण काय, हसायला कारणच शोधतो.

मग एक दिवस तो मुलीला घेऊन आला. वय असेल आठ-नऊ. डोळे टपोरे, आणि कान थेट बापाचे. ती पोहायला जाते, केस टोपीत मावत नाहीत, म्हणून बारीक कापायचे होते.

"काका, कान मोकळे ठेवा हं," ती न्हाव्याला म्हणाली.

"नाही, कान झाकलेले राहू देत," शिंपी म्हणाला.

"पण का, बाबा?"

"मी सांगतो म्हणून."

हे काही उत्तर झालं? पोरगी फुगून बाकड्यावर बसली. आधी बापाचा नंबर. न्हाव्यानं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, आणि नेमका दार ढकलून बेकरीवाला आत आला. अंगानं पावासारखा फुगलेला, हसणं भट्टीसारखं गरम. आता पळणार कुठे?

"अरे सुप्या! किती दिवसांनी सापडलास!"

"बाबा, सुप्या कोण?" पोरीनं विचारलं.

"तुझा बाप! आमच्या वर्गात ह्याचे कान सुपाएवढे. हा पुढच्या बाकावर, मी मागे. मास्तर फळ्याकडे वळले, की मी अशी टिचकी मारायचो. काय मजा यायची, आठवतं का रे?"

आणि गडी खरंच पाठीमागे येऊन उभा राहिला, बोट वाकवून.

शिंप्याचे खांदे वर गेले. माझे हात त्यानं इतके आवळले, की रेक्झिन करकरलं. डोळे मिटले, ओठ आत ओढले. केसांत पांढरं आलेला बाप्या, पण आरशात शाळेतलं पोर बसलं होतं.

बेकरीवाल्याचं बोट तसंच हवेत राहिलं. बरोबरच आहे. जन्मभर मागच्या बाकावर बसलेला माणूस, समोरून हा चेहरा त्यानं कधी बघितलाच नव्हता.

"अरे… गंमत करत होतो रे."

पोरीनं हळूच आपल्या दोन्ही कानांना हात लावला. "बाबा, म्हणून माझे झाकायचे? माझे वाईट आहेत?"

शिंप्यानं डोळे उघडले. आधी आरशातून मुलीकडे पाहिलं, मग बेकरीवाल्याकडे.

"मला सुप्या म्हणू नकोस. मला तेव्हाही आवडायचं नाही."

"मग तेव्हाच बोलायचंस की!"

"बोललो होतो. तू दुसऱ्या कानावरही टिचकी मारलीस."

न्हाव्याची कात्री थांबली.

"बरं," बेकरीवाला खाकरला, "मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

बेकरीवाल्यानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. अहो, त्याला नाव येतच नव्हतं! दहावीपर्यंत एका वर्गात, एका गल्लीत धंदा, आणि नाव माहीत नाही!

पोरगी बाकड्यावरून उठली. वर्गात हजेरी घेतात तसं बापाचं नाव खणखणीत सांगितलं. आधी बापाचं, मग आजोबांचं, मग आडनाव. बेकरीवाला कान पाडून तिच्यामागून म्हणाला. अडखळला, तर तिनं परत म्हणायला लावलं.

बापाचे केस झाल्यावर न्हाव्यानं माझ्या हातांवर फळी टाकली आणि पोरीला वर बसवलं. शिंपी म्हणाला, "कान मोकळे काढा. दोन्ही. अगदी मोकळे."

पोरगी आता महिन्याच्या महिन्याला येते आणि आरशात स्वतःला जीभ दाखवते. बाप मात्र अजून कान झाकूनच ठेवतो. खांदे अजून वर जातात, पण लवकर खाली येतात. हात धरतो, आवळत नाही. इतक्या वर्षांची गाठ एका हजेरीनं कुठली सुटायला? पण काचेतून डोकावणं बंद झालंय. बेकरीवाला आत असला तरी शिंपी येतो, आणि बेकरीवाला आपला नंबर सोडून त्याला जागा करून देतो.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. शिवणीला चिकटपट्ट्या आहेत, पाय अजून घट्ट आहे. थट्टा मी सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका. फक्त एवढं करा. शाळेतल्या ज्या कुणाला अजून त्याच जुन्या नावानं हाक मारता, त्याला एकदा इथं घेऊन या. माझ्यावर बसवा. तुम्ही मागे उभे राहा, ती हाक मारा आणि आरशात बघा.

केस कापायचे पैसे मात्र तुम्हीच द्यायचे.