मखमली गादीवरचं मशीन

“ह्याला गादीवर ठेवत जाऊ नकोस, जयमाला. खालच्या जाळीतून ते हवा घेतं. जाळीत कापूस अडकलाय, पंखा बघ कसा कण्हतोय. एकदा साफ करून घे, नाहीतर असंच तापून बंद पडत राहील.”

फरीदा हे बोलली तेव्हा जयमाला हसली होती. फरीदा संगमनेरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, शेजारीच राहायची आणि जगातल्या प्रत्येक वस्तूची काळजी करायची. लॅपटॉप जयमालाच्या नवऱ्याने, योगेशने, पुण्याहून जुना आणलेला. संध्याकाळी पलंगावर लोळत तो त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. शर्यत रंगात आली की मशीन तापायचं, किंचाळायचं आणि मान टाकायचं. शेवटी वैतागून त्याने ते ओळखीच्या छगनला देऊन टाकलं. पीडा गेली, म्हणाला.

ती कुठे गेली हे जयमालाला माहेरी, तिसगावला आल्यावर कळलं.

बाजारतळावर ताडपत्रीचा मांडव पडला होता आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. तान्ह्या पंकजला कडेवर घेऊन जयमाला आईच्या, बनाबाईच्या, मागे उभी राहिली. समोर चौरंग, चौरंगावर लाल मखमली गादी, गादीवर उघडा लॅपटॉप. त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, वर अंगाऱ्याची चिमूट. पडदा स्वतःकडे वळवून राधाकृष्ण महाराज बसलेले, आणि शेजारी सेवेला छगन.

“ह्याचं शरीर अमेरिकेचं हाय, पर प्रान हिमालयातला,” महाराज सांगत होते. “साडेतीन कोटी मंत्र भरल्यात ह्याच्या पोटात. बाधा असली की आपल्या अंगावर घेतंय. तापतंय, वरडतंय अन् समाधी लावतंय.”

एका बाईने भीत भीत हात ठेवला. थोडा वेळ नुसती घरघर. मग आवाज चढत गेला, चिरका झाला.

“ऐका. आतली हडळ रडती,” महाराज डोळे मिटून म्हणाले.

बाईने चटका बसल्यागत हात काढला, पडदा काळा पडला आणि मांडवभर “आता गं माय” झालं. छगनने तिच्या हातावर अंगारा ठेवला.

पुढचा नंबर गावच्या पुढाऱ्याचा होता. मशीन गार होईपर्यंत भजन झालं. मग छगनने लगबगीने गादी काढली आणि मानाचा माणूस म्हणून मशीनखाली लाकडी पाट मांडला. पुढाऱ्याने हात ठेवला. मशीन गारच राहिलं.

“गंगाजळ मन हाय,” महाराज म्हणाले.

जयमालाची नजर त्या पाटावरून हलेना. मग झाकणाचा तडकलेला कोपरा दिसला. पलंगावरून योगेशच्या हातून पडलं होतं तेव्हाचा. तिला हसूच आलं असतं, पण तेवढ्यात बनाबाई कानाशी लागली.

“आपल्या दीपाला बी हितंच गुन आला.”

दीपा म्हणजे जयमालाच्या भावाची, सहादूची, मुलगी; दोघं पुढेच बसले होते. चौथीतली. तिला फिट यायची. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यापासून वर्षभर एकही आली नव्हती.

“गोळ्या चालू आहेत ना, आई?”

“न्हाई. महाराज म्हनले, मशीननं सगळी बाधा वढून घेतली. आता औषध पोटात गेलं तर ती परत यील. बारवेत सोडल्या समद्या.”

“कधी?”

“परवाच्या दिशी.”

घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली फळीवर सकाळी दिसलेली ती पुडी तिला आठवली. जयमालाला वाटलं होतं, रांगोळीची असेल; ती ह्याच अंगाऱ्याची होती.

ती गर्दीतून पुढे गेली. “महाराज, ह्याला पुन्हा गादीवर ठेवा. ह्या खेपेला हात मात्र कुणाचाच नको.”

छगनने तिला ओळखलं आणि मान खाली घातली. महाराज हसले. “लई शिकल्यावानी दिसतीस. ठेव की तुझ्याच लेकराचा हात. कळंल तुला.”

कडेवरचा पंकज तिने घट्ट धरला. सगळं माहीत असूनही त्याचा हात पदराखाली झाकला. आईपणाचा हा एक रोगच असतो. “माझ्या लेकराचा नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. नुसतं राहू द्या.”

“ऱ्हाऊ द्या की, महाराज,” मागून एक म्हातारी म्हणाली. “देवाला कशाला हात लागतोय?” चारजण हसले. महाराजांना नाही म्हणता येईना.

मशीन गादीवर ठेवलं. जयमाला वळसा घालून मागे गेली. पडद्यावर गाड्या पळत होत्या, आवाज तेवढा बंद केलेला. तिने पडदा लोकांकडे फिरवला.

“तुमचे मंत्र तर गाडीत बसून चाललेत, महाराज.”

हशा ओसरायच्या आत पंखा किंचाळायला लागला. कुणाचा हात नव्हता, कुणाची बाधा नव्हती. मशीन तापलं आणि बंद पडलं.

“आता कोणती हडळ रडली?” तिने विचारलं.

तिने मशीन उलटं केलं. खालची जाळी मखमलीच्या लाल तुसाने आणि अंगाऱ्याने बुजली होती. केसातली पिन काढून तिने ते सगळं उपसलं, पदराने पुसलं, मशीन पाटावर मांडलं, गार झाल्यावर परत सुरू केलं आणि तीच शर्यत लावली.

“दीपा, ये. ठेव हात.”

“आत्या, भाजंल,” दीपा म्हणाली, पण आली. चहा उकळून खाली उतरेल इतका वेळ सगळे बघत राहिले. पंखा मुकाट फिरत होता.

“कोमटच हाय,” दीपा म्हणाली.

“ह्याच्या पोटात एवढासा पंखा आहे. गेम लावला की मशीनला जास्त काम पडतं, ते तापतं. पंखा आतली गरम हवा बाहेर टाकतो. खाली गादी असली की हवा कोंडते, पंखा जोर लावून ओरडतो. तरी भागलं नाही की जळू नये म्हणून मशीन आपणहून बंद होतं. गरिबाला गादी आणि पुढाऱ्याला पाट, एवढाच ह्यांचा मंत्र.”

“नास्तिक बाईचा इटाळ झाला. शक्ती गेली,” महाराज उठत म्हणाले.

“पर मला तर गुन आला हुता,” मघाची हात ठेवलेली बाई पुटपुटली आणि अंगारा पदरात बांधून निघून गेली.

सहादू मात्र पांढराफटक पडला होता. “जयू, गोळ्या आनू का लगेच?”

तिसगावच्या दुकानात ती गोळी नव्हती. जीप करून ते नगरला निघाले आणि करंजीच्या घाटात दीपाला फिट आली. ती थांबेना. सहादू तिचं डोकं मांडीवर धरून एकच वाक्य म्हणत राहिला, “मीच टाकल्या गं, मीच टाकल्या.” घाट संपला तरी ती थांबली नव्हती.

डॉक्टर ओरडले नाहीत. “ही गोळी अशी एकदम तोडायची नसते,” एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दीपा वाचली. पाढे घडाघडा म्हणणारी ती पोर आता स्वतःचं नाव लिहिताना मध्येच थांबते आणि पुढचं अक्षर आत्याच्या तोंडाकडे बघून शोधते. महाराज पलीकडच्या तालुक्यात आहेत. मशीन त्यांच्याकडेच आहे, आणि गादी नवीन घेतली म्हणतात.

त्यांना पकडून द्यायला लोक येतील तेव्हा येतील. जयमालाचं मागणं आजचं आहे, आणि तुमच्याकडे आहे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याच्याखाली काय ठेवलंय ते बघा. आणि तुमच्या घरात, शेजारी, वस्तीवर फिटची, दम्याची, साखरेची गोळी घेणारं जे कोणी असेल, त्यांच्याकडे आज जा. “घेता ना?” असं विचारू नका, हो म्हणतील. “पाकीट दाखवा” म्हणा, आणि ते हातात येईपर्यंत तिथून उठू नका.