न घासलेली चमक

मी हौदा बोलतोय. पिकअप गाडीच्या मागचा, माल भरायचा हौदा. जरा लवकर ऐका, कारण माझ्या तळाचा पत्रा किती दिवस धरेल याचा मला आता भरवसा उरलेला नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा पांढरा होतो. पहिल्या मालकाने माझ्यातून विटा वाहिल्या, दुसऱ्याने भंगार. दोघांनीही मला कधी धुतलं नाही. माणसं गाडीची काच रोज पुसतात, आणि ज्याच्या जिवावर घर चालतं त्या हौद्याचा फळका लाथेने बंद करतात. मग मला बर्फवालीने घेतलं. बाजारात तिला सगळे याच नावाने ओळखतात. सकाळी बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि मासळीच्या दुकानांपासून दूधकेंद्रांपर्यंत पोचवायच्या, हे तिचं काम. लाद्या ओढायचा आकडा आणि वितळलेलं पाणी हे दोघे पत्र्याचे हाडवैरी. म्हणून ती मला तिच्या दादाकडे घेऊन गेली.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, गाड्यांचा पेंटर. उभी हयात रंगात गेलेली. आधी माझा जुना गंज काढायचा, निळा रंग मारायचा आणि त्यावर आकड्याला आणि पाण्याला पुरून उरणारा काळा, जाड लेप फवारायचा, असं ठरलं. लायनर म्हणतात त्याला.

रंग चढला आणि गॅरेजच्या दारातून ऊन आत आलं. काचबिंदूने दादाची नजर वर्षभर विझत चालली होती. तो माझ्यावर वाकला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. "हे मला दिसतंय," तो स्वतःशीच म्हणाला.

आता या धंद्यातली पहिली अक्कल सांगतो. ताजा रंग आधी नीट वाळू द्यायचा, मग पॉलिशपेपरने घासून त्याची चमक मारायची. गुळगुळीत अंगाला दुसरा थर धरत नाही. दादाने हे हाताखालच्या किती जणांना शिकवलं असेल! त्या दिवशी रंग हाताला कोरडा लागल्यावर त्याने पेपर घेतला, पाण्यात भिजवला, माझ्यावर टेकवला आणि परत ठेवून दिला. त्याच्या डोळ्यांना दिसलेली ती बहुधा शेवटची चमक होती. तिच्यावर ओरखडे काढायला त्याचा हात धजला नाही. घासा हो, घासा, असं मी ओरडत होतो. पण पत्र्याचं कोण ऐकतं?

तेवढ्यात बर्फवालीचा फोन आला. तिने तोवर भाड्याने घेतलेली गाडी बंद पडली होती, मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळीच हवा होतो. दादाने घेऊन जा म्हणून सांगितलं आणि त्याच दुपारी लेप फवारला. वरून मी असा दिसत होतो की दृष्ट लागावी.

दोन महिन्यांत पुढच्या कोपऱ्यात पहिला फोड आला. आकड्याने तो फाटला, पाणी आत शिरलं, एका फोडाला दुसरा जाऊन मिळाला. लेप वरून काळा कुळकुळीत आणि खाली मी सडतोय. दिसतं तसं नसतं म्हणतात, ते माझ्यावरूनच म्हटलं असेल.

बर्फवालीने ते पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. तिला वाटतं, आपल्या घाईनेच हे झालं. दादाचं गॅरेज आता बंद आहे, नजर गेली आहे आणि तो तिच्याकडेच राहतो. दर रविवारी सकाळी भिंतीला धरत अंगणात येतो आणि आपलं शेवटचं काम चाचपून बघतो. त्याला कळू नये म्हणून ती त्या कोपऱ्यावर आधीच ओलं पोतं टाकून ठेवते. तो म्हणतो, चांगलं बसलंय. ती हो म्हणते. खाली माझा जीव तीळ तीळ तुटतो.

परवा वेल्डरने खालून टोचा मारून बघितला. सगळा लेप उपटून, कोपरा न् कोपरा घासून नव्याने केलं तर हौदा वाचेल, असं त्याचं म्हणणं. आणखी चार महिने असेच गेले तर सरळ भंगारात. आणि मी गेलो तर बाईने बर्फ काय डोक्यावरून वाहायचा?

आज रविवार. पोतं जागेवर होतं, पण गंजाचा वास पोत्याने झाकला जात नाही, आणि दादाने तो जन्मभर हुंगलेला. त्याने पोतं उचललं. बोटाने फोड दाबला. आत पाणी हललं. ती दारातून पुढे आली.

"दादा, चूक माझी आहे. मी घाई केली."

"तुझी घाई नंतरची," तो म्हणाला. "मी घासलंच नव्हतं. मन झालं नाही माझं."

त्याने कडेला नख घातलं आणि लेप ओढला. तो कात टाकल्यासारखा सरसर निघत आला. खाली सगळा गंज, मधे तळहाताएवढा निळा तुकडा तेवढा कोरडा राहिलेला. दादाची बोटं फिरत फिरत तिथे आली आणि थांबली.

"चमकतोय का गं?"

"चमकतोय," ती म्हणाली. या वेळी ती खोटं बोलली नाही.

त्याने पॉलिशपेपर मागितला. तिने आणून दिला. आता तो त्याच्या हातात भिजलेला आहे, त्या निळ्या तुकड्यावर टेकलेला आहे, आणि हात काही हलत नाही. अगदी त्या दिवशीसारखाच.

दादा, घासा. पाया पडलो असतो, पण मला वाकता येत नाही. ही चमक तुम्हाला दिसत नाही, मला ती नको आहे, आणि तुमच्या बहिणीला माझ्याशिवाय दुसरा आधार नाही. दुखेल मला, दुखू दे. तुम्हालाही दुखेल. पण आज तरी घासा, दादा, आणि सुरुवात इथूनच करा.