डोळ्यांत उतरलेला भंडारा

गहिनीनाथानं जन्मात दारूला हात लावला नव्हता, आणि पारनेरच्या डॉक्टरानं पोट दाबून पहिलं काय सांगितलं, तर दारू सोडा. लिव्हर सुजलं म्हणजे दारूच, एवढंच त्या शहाण्याला ठाऊक. रोज संध्याकाळी अंगात कणकण, भाकरी नकोशी, माणूस वाळून काटकुळा झालेला आणि पोट तेवढं पुढं आलेलं. डॉक्टरानं छाती तपासली, थुंकी तपासली. त्यात काही निघालं नाही, म्हणून क्षय नाही असं सांगून तो मोकळा झाला.

बायको लंकाबाई तेव्हा डॉक्टराशी तावातावानं भांडली. पण गावात बातमी पोचायला किती वेळ? थोरल्या दिरानं चारचौघांत गहिनीनाथाला खंडोबापुढं उभं केलं आणि बेलभंडारा उचलून, कधी प्यालो नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्यानं मुकाट्यानं घेतली. आठवड्याच्या आत त्याचे डोळे पिवळेधमक झाले.

मग काय विचारता! खोटी शपथ घेतली, देवानं डोळ्यांतच भंडारा उतरवला, असं जो तो बोलू लागला. तोंडाचा वास घ्यायला माणसं जवळ येत, पण कसं वाटतंय म्हणून एकानं विचारलं नाही. असे चार महिने गेले. पोटात पाणी भरलं तेव्हा कुठं लंकाबाईच्या भावानं त्याला पुण्याला नेलं. तिथं लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा काढला, तपासला.

"क्षय काय फक्त छातीत होतो, बाई?" तिथला डॉक्टर म्हणाला. "लिव्हर, आतडी, हाडं, मेंदू, कुठंही जाऊन बसतो. फार उशिरा आणलंत."

दीड वर्ष औषधं, सुरुवातीला रोज सुई. तरी जगेल असं छातीठोक सांगता येत नव्हतं.

सुई पारनेरलाच घ्यायची होती. गहिनीनाथाला बाहेर बाकावर बसवून लंकाबाईनं पुण्याचा कागद डॉक्टरापुढं आपटला. "माज्या धन्याला दारुडा केलंत तुमी. चार महिनं परत देनार हाय का?"

कागद वाचून डॉक्टराचा चेहरा उतरला. मग तो हळूच म्हणाला, "डोळे पिवळे झाले म्हणून परत आलात, तेव्हा मी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं होतं. खरंच पीत नाहीत ना? तुम्ही नुसतं खाली बघितलंत."

खरं होतं ते. नवरा पीत नाही हे ठाऊक असूनही त्या दिवशी भंडाऱ्याची गोष्ट तिलाही पटली होती. डॉक्टराचं चुकलं ते चुकलंच, त्याला माफी नाही. पण तो परका. अठरा वर्षं ज्याला ताट वाढलं, त्याच्यासाठी हिच्या तोंडून एक शब्द निघू नये? लंकाबाईला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दार सताड उघडं होतं. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं होतं. ती तशीच बाकापाशी गेली आणि दहा माणसांदेखत मोठ्यानं म्हणाली, "हे कदी दारूला शिवले न्हाईत. मला ठावं हुतं. मीच बोलले न्हाई."

गहिनीनाथ भिंतीला धरून उठला. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"आता वरडून काय उपेग," तो म्हणाला. "सर बाजूला, सुई टोचून घेऊ दे."