सगळ्यात खालची ओळ

सकाळचे साडेदहा. चष्म्याच्या दुकानातला संगणक नुकताच सुरू झाला होता आणि दुकानाचे मालक, सगळ्यांचे चष्मेवाले काका, भिंग लावून पडद्यावर मला शोधत होते.

मी एका जाहिरातीच्या तळाशी बसणारी करडी ओळ बोलतेय. ‘हे मेल नको असल्यास येथे दाबा’ एवढाच माझा मजकूर.

कायद्यामुळे माझा जन्म झाला. जाहिरातीचं मेल बंद करायची सोय प्रत्येक मेलमध्ये हवी, असं कायद्याने सांगितलं. ती किती मोठी हवी, हे सांगायचं राहून गेलं. माझ्या कंपनीने तेवढी फट बरोबर हेरली. मला मुंगीएवढी अक्षरं मिळाली आणि वर ठसठशीत मजकूर, ‘चष्मा फेकून द्या, डोळ्यांत आमचे थेंब घाला’. तेही चष्मेवाल्याला, दिवसातून वीसदा.

काकूंची करमणूक चालली होती. “घाला की दोन थेंब. दुकान बंद करून फिरायला जाऊ.”

“आधी तुझा चष्मा शोध. डोक्यावर आहे.”

काकांनी मला दाबलं. खरं सांगते, मला धन्य वाटलं. पहिल्यांदाच कुणीतरी कामाला लावलं होतं. ‘विनंती मिळाली’ असं पान उघडलं आणि दुसऱ्या दिवसापासून विसाची चाळीस मेलं झाली. तीन नव्या कंपन्याही थेंब विकायला हजर. माझ्यामागे यादीतून नाव काढणारं कुणी नव्हतंच. हा पत्ता चालू आहे, माणूस मेल उघडतो, एवढी चहाडी मी करत होते आणि मलाच ते ठाऊक नव्हतं.

आठवड्याभरात शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात आल्या, त्या रागावूनच.

“मुलांच्या चष्म्यांचं काम तुम्हाला द्यायचंय. तीनदा लिहिलं. तुमची मेलची पेटी भरलीय म्हणून परत येतंय. आज होकार नसेल तर दुसऱ्याला देते.”

“बाई, बसा. होकार कागदावर घ्या,” काका म्हणाले.

काम वाचलं. राग मात्र शिल्लक होता. नजर तपासायचा तक्ता काखेत मारून काका तक्रार कार्यालयात गेले.

“साहेब, तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ वाचा.”

साहेबांनी घडाघडा वाचली. मग काकांनी माझी छापील प्रत समोर धरली. साहेब पुढे झुकले, मागे सरले.

“माझा नंबर वाढला वाटतं.”

“नंबर ठीक आहे. तुमचा नियम तपासा.”

कंपनीचा खुलासा आला: ओळ दिली आहे, कायदा पाळला आहे. साहेबांनी तो जसाच्या तसा परत पाठवला, सोबत ओळ वाचता येईल अशी करून नाव खरोखर काढायचा आदेश जोडला. आता मी जाहिरातीच्या माथ्यावर, काळ्या ठळक अक्षरांत बसते आणि दाबलं की नाव खरोखर निघतं. काकूंनी स्वतः दाबून पाहिलंय, तेही चष्मा न लावता.

माझी एकच विनंती आहे. मी बारीक दिसले तर मला दाबू नका, तक्रार करा.

काकांचा पत्ता त्या तीन कंपन्यांना कुणी दिला, हा प्रश्न साहेबांनी माझ्या कंपनीला दोनदा लेखी विचारला. दोन्ही खुलाशांत तेवढीच जागा कोरी आहे.